गाण्यातला आमचा सोफा

त्या अमेरिकन गायकाने मला फसवलं. मी त्याला फसवलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. घासाघीस म्हणजे फसवणूक नव्हे.

कतारमध्ये, उम्म सलाल मोहम्मद गावात माझं जुन्या फर्निचरचं दुकान आहे. कोकणातून आलो तेव्हा दुसऱ्याच्या दुकानात कपाटं उचलायचो. आता माझी कपाटं उचलायला माणसं आहेत. हे सगळं तोंडाच्या जोरावर. घर आवरणाऱ्या गोऱ्या माणसाशी भावाचं बोलून उपयोग नसतो, त्याला दुःख सांगावं लागतं.

हा गायक दोह्यात नोकरी करायचा आणि सुट्टीला मित्रांबरोबर कंट्री म्युझिकचा, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या गाण्यांचा, बँड चालवायचा. फ्लॅट बदलताना त्याने लेदरचा सोफा विकायला काढला. तो आमच्या हिला घरासाठी हवा होता. पण ही सौद्यात मध्येच "द्या हो, किती ताणता!" म्हणते. म्हणून तिला खाली भाड्याच्या पिकअपमध्ये एसीत बसवली. शेजारी ड्रायव्हर, पेशावरचे पांढऱ्या दाढीचे चाचा.

वर मी सुरू केलं. "बायको सोडून गेली, ब्रदर. अजून सकाळी दोन कप चहा करतो. एक पितो, एक बेसिनमध्ये ओततो."

गायक खिडकीतून खाली बघत होता. वळला तेव्हा डोळे भरलेले. म्हणाला, "घेऊन जा. काही देऊ नकोस." वर एक लॅम्पही दिला. मी आणि चाचांनी सोफा गाडीत चढवला. इतका झकास सौदा मी जन्मात केला नव्हता.

काही महिन्यांनी बँडचा नवा अल्बम आला. सगळा प्रेमभंग आणि एकटेपणा. मुलगी मोबाइल घेऊन धावत आली. कव्हरवर पिकअप, तिच्यात सोफा. "बाबा, दॅट्स अवर सोफा!"

मग तिने आईला गाण्याचा अर्थ सांगितला. एक माणूस रोज दोन कप चहा करतो. त्याची बायको पांढऱ्या दाढीच्या पिकअपवाल्याबरोबर पळून गेलीय. आणि तो बिचारा स्वतःच्या हातांनी त्यांच्या गाडीत सोफा चढवून देतो.

"अहो, मी गेले? चाचांबरोबर?"

"अगं, ते भाव पाडायला..."

"आणि लॅम्प? तोही नेला का मी?"

मी तडक गायकाकडे गेलो. "ड्रायव्हर काढ गाण्यातून. यल्ला, लवकर!"

"मी खिडकीतून पाहिलं ना," तो म्हणाला. "ती त्याच्या शेजारी बसली होती, आणि तरी तू त्याच्याच गाडीत सोफा चढवलास. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस मी पाहिला नाही."

"अरे, ती माझी बायको होती!"

"तेच तर," म्हणाला, आणि पुन्हा डोळे पुसायला लागला.

शेवटी मी मागणी खाली आणली. "निदान दाढी तरी काढ. पिकअप तरी काढ."

"पिकअप काढली तर कंट्री गाणं कसलं?"

आता चाचा माझा फोन उचलत नाहीत. मराठी मंडळींच्या जेवणात एकाने माझा हात दाबून "धीर धरा" म्हटलं, तेव्हा ही शेजारीच बसलेली. आणि रोज सकाळी ही माझ्यापुढे दोन कप ठेवते. "एक प्या, एक ओता," म्हणते, आणि जाऊन त्या सोफ्यावर एकटी बसते. इतक्या वर्षांत माझा सकाळचा चहा तिच्याशिवाय झाला नव्हता.

मी फक्त सोडून गेली म्हणालो होतो. कोणाबरोबर, ते त्याने घातलं. तर त्याने माझ्या घरी यावं, त्याच सोफ्यावर बसावं, आणि ती मला कधी सोडून गेली ते तिच्या तोंडावर सांगावं. दुसरा कप भरलेलाच आहे. जाब त्यानेच द्यायचा. मी का म्हणून देऊ?