वीस साखळ्यांची सुरुवात

चामराजपेटमधल्या स्वतःच्या टेलरिंगच्या दुकानामागेच नरसिंहरावांचं घर. तिथून त्यांची मुलगी वाणी रोज बसने संशोधन संस्थेत जाते. दहा वर्षं नोकरी केल्यावर, छत्तिसाव्या वर्षी ती पुन्हा विद्यार्थिनी झाली. प्रथिनाची लांब साखळी घड्या घालत एका आकारात कशी स्थिरावते, हे ती संगणकावर शोधते.

"डोंगरदऱ्यांचा मुलूख समजा, अप्पा," ती वडिलांना सांगायची. "ऊर्जा जास्त तिथे डोंगर, कमी तिथे दरी. साखळी उतरत उतरत दरीत जाऊन बसते."

यंदा तिने वीस वेगवेगळ्या आकारांपासून गणितं सुरू केली. वीसच्या वीस साखळ्या एकाच दरीत उतरल्या. शुक्रवारी तिचे मार्गदर्शक भीमाचार्य सर हा निष्कर्ष संस्थेतल्या सगळ्यांपुढे मांडणार होते. तिचा प्रबंधही त्यावरच उभा राहणार होता.

बुधवारी सकाळी ती दुकानात कॉफी पीत बसली असताना जुने गिऱ्हाईक वेणुगोपाल शर्टाचं कापड घेऊन आले.

"मागच्या वर्षीच्याच मापाचा शिवा, अण्णा."

"माप मागच्या वर्षीचं आणि पोट यंदाचं?" नरसिंहरावांनी टेप उचलली. "स्वल्प सरळ उभे राहा. जुन्या चिठ्ठीवर मी कापड कापत नाही."

वाणीचा पेला हातातच राहिला. तिनेही पहिल्या गणिताच्या फोल्डरच्या वीस प्रती काढल्या होत्या. नावं बदलली होती. पण आतला सुरुवातीचा आकार बदलला होता का?

संस्थेत पोचताच तिने एकेक फोल्डर उघडून पाहिला. वीसही फोल्डरांमध्ये पहिल्या गणिताचाच आकार होता. एकाच कड्यावरून सोडलेल्या साखळ्या दुसरीकडे जाणार तरी कुठे?

सांगितलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं. पण ती उठून सरांच्या खोलीत गेली आणि सगळं सांगितलं.

सरांनी चष्मा पुसला. "आता शुक्रवारी मी काय दाखवू?"

"चूक माझी आहे, सर. मीच उभी राहून सांगते."

"नव्याने करायला किती दिवस?"

"अकरा."

"सरी, ठीक आहे. लागा कामाला."

शुक्रवारी तिने सगळ्यांपुढे आपली चूक सांगितली. अकरा दिवसांनी चौदा साखळ्या जुन्याच दरीत होत्या, सहा मात्र भलत्याच दरीत जाऊन बसल्या होत्या. त्या सहांचं कोडं सुटेपर्यंत प्रबंध लांबणार होता.

"किती?" संध्याकाळी दुकानात नरसिंहरावांनी विचारलं.

"सहा महिने तरी."

"या खेपेला माप नीट घेतलंस ना?"

"वीस वेळा घेतलं, अप्पा."

"मग लागू देत," म्हणत त्यांनी सुईत दोरा ओवायला घेतला.