उन्हात राहिलेला बाजा

मी शिकलो तो गणपतमामांमुळे. त्यांनी मला चिपळूणला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं आणि मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. भजनात ते पेटी वाजवत. उन्हातून आलेल्या पेटीला थंड होईपर्यंत कुणाला हात लावू देत नसत.

सौदीत दम्मामला आमच्या वर्कशॉपमध्ये यंत्र बसवायला स्लोव्हेनियाचा एक उंच माणूस आला होता. दुपारी तो एकदम गाडीकडे धावला. त्याचा अकॉर्डियन मागच्या सीटवर तापत राहिला होता. आतल्या सुरांच्या पट्ट्या मेणाने बसवलेल्या असतात; मेण वितळलं की खलास.

आम्ही तो होता तसाच उचलून एसीत आणला. त्याचा हात लगेच भात्याकडे गेला. "थांबा, थंड होऊ द्या," मी म्हणालो.

तो बसला, पण बोटं गुडघ्यावर वाजवतच होती. "आमच्याकडे प्रत्येक खोऱ्याची चाल वेगळी. वडील गेले. त्यांची चाल या बाजावरच येते मला."

आमचा राजापूरचा वेल्डर मला म्हणाला, "आपल्या कोकणातल्या नमन-खेळ्यासारखंच की! गाव बदललं, चाल बदलली."

शेवटी त्याने भाता ओढला. सूर आला. तेच बटण धरून भाता दाबला, तर भलताच सूर! माझा चेहरा बघून तो मोठ्याने हसला. "हा असाच असतो! ओढताना एक सूर, दाबताना दुसरा."

त्या रात्री मी पत्र लिहिलं:

"मामा, मला वाटलं, माझं ऐकून त्याचा बाजा गेला. पण नंतर त्याने वडिलांची चाल अख्खी वाजवली. थांबायला कुणी शिकवलं, असं म्हणत त्याने तुमचं नाव विचारून घेतलं. त्याचं विचारायचं मात्र मी विसरलो."