लाल फुलीवरचा टीव्ही

फुकटचं शिक्षण फुकट नसतं, हे मला वेल्ह्याच्या एसटीत बसून कळलं. ज्यांना तोंडानं बोलता येत नाही त्यांना चित्रांवर बोट ठेवून बोलायला कसं शिकवायचं, याची पदव्युत्तर पदवी मी शिष्यवृत्तीवर करत होते. वडिलांनी भोरमध्ये आमच्या आळीभर पेढे वाटले होते. अट एकच होती. नेमून दिलेल्या घरी दर मंगळवारी जायचं आणि घरच्यांची सही आणायची. सह्या थांबल्या की शिष्यवृत्ती बंद, आणि पेढे खाल्लेल्यांना तोंड दाखवायचं ते मी.

माझ्या वाट्याला सतरा वर्षांची एक मुलगी आली. हातपाय आखडलेले, वाचा नाही, पण नजर अशी की आपणच ओढणी सावरून बसावं. मी तिला बारा चित्रांचा बोर्ड करून दिला. तिचा हात जिथं सहज पोचायचा त्या कोपऱ्यात लाल फुली काढली. फुली म्हणजे नाही.

बाकीच्या अकरा चित्रांकडे आमच्या या बाईसाहेबांनी ढुंकूनही पाहिलं नाही. दूधभात? नाही. केस बारीक कापू? नाही. पाहुण्यांपुढं बसतेस? नाही. मी हरखून गेले होते. सतरा वर्षांचं साठलेलं बाहेर पडत होतं.

तिची आई मात्र मेटाकुटीला आली.

"ताई, ती फुली तेवढी काढा. ती न्हाई म्हनली म्हनून म्या भरवायचं थांबू व्हय? रानात कोन जाईल? न्हाईतर तुमी येऊच नगा."

सहीचा कागद तिनं कोराच माझ्या हातात परत दिला.

मी भांडायला हवं होतं. कसं भांडायचं ते आम्हाला वर्गात शिकवलंही होतं. मी मुकाट्यानं पिशवीतला डिंक काढला आणि फुलीवर टीव्हीचं चित्र चिकटवलं. मुलगी बघत होती. आईनं सही केली.

पुढच्या मंगळवारी आई खुशीत होती. "आता लई टीव्ही मागती बघा!" दूधभात पुढं आला तसा मुलीचा हात कोपऱ्यात गेला. आईनं टीव्ही लावला आणि घास भरवला. हात पुन्हा गेला. आईनं आवाज वाढवला आणि पुढचा घास भरवला. मी मोबाईलवर चित्रण करत होते.

आई ताट ठेवायला आत गेली तेव्हा मी हळूच विचारलं, "नाहीच म्हणत होतीस ना?"

तिनं डोळे मिटले. हो म्हणायची ती आमची खूण होती. मला स्वतःची शरम वाटली. चित्र खरवडायला मी नख लावलं, तेवढ्यात आई पेन घेऊन बाहेर आली. मी हात मागं घेतला.

वर्गात ते चित्रण दाखवलं. मुलगी स्वतःहून मागायला लागली म्हणून टाळ्या पडल्या, आणि पुढचं वर्षही मंजूर झालं. घर तेच.

त्यानंतरच्या मंगळवारी मी दारात पाऊल ठेवलं. मला पाहताच तिचा हात कोपऱ्यात गेला, आणि आईनं टीव्ही लावला.