सवलतीची रांग

“वर बघ की. पाय कशाला बघायलास?”

फीमाफीचा अर्ज घेऊन खिडकीशी आलेल्या प्रत्येक पोराला अक्कांचं हे पहिलं वाक्य. परभणीतल्या आमच्या कॉलेजच्या कचेरीत सवलतीचं टेबल त्या सांभाळायच्या आणि शेजारच्या टेबलावर मी नवा कारकून. नामांतराची वर्षं होती ती. कॉलेज कधी चालू, कधी बंद. पण खिडकी उघडली की अक्कांचा आवाज सगळ्या आवारात ऐकू यायचा.

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. हळू बोलायची कळच देवानं त्यांना दिलेली नसते. दुपारी आमच्या डब्यातला ठेचा त्या हक्कानं संपवायच्या आणि टेबलावर डोकं टेकून बिनघोर झोपायच्या. तेवढा वेळ प्राचार्यसुद्धा चपला न वाजवता जायचे. मात्र “परिस्थिती नाजूक हाय” असं पुटपुटणारं पोर समोर आलं की अक्का भडकायच्या. “सरकार देतंय ते हक्काचं हाय. भीक मागायलास का?”

एका वर्षी ताडकळसकडची एक मुलगी खिडकीशी येऊन रडायला लागली. सायन्सला होती, हुशार होती. पण दाखल्यावर तिच्या वडिलांचं उत्पन्न मर्यादेच्या वर निघालं होतं. फीमाफी नाही तर कॉलेज नाही, असं वडिलांनी सांगून टाकलं होतं, आणि अर्जाची मुदत संपत आली होती.

झालं होतं असं, की तिच्या थोरल्या बहिणीची सोयरीक मानवतला जमत होती. पाहुणे ओसरीवर बसलेले आणि नेमके तेव्हाच तलाठी उत्पन्न विचारायला आले. आता पाहुण्यांसमोर कुठला मुलीचा बाप खरं सांगेल? यांनी दुसऱ्याचं, बटईनं केलेलं रानही आपलंच म्हणून सांगून टाकलं. तलाठी गावात नवे होते. त्यांनी ऐकलं तसं लिहून घेतलं.

“मग आता तलाठ्याला खरं सांगा म्हणावं की.”

“बाबा म्हणायलेत, सोयरीक मोडंल.”

अक्कांनी मानवतच्या पाहुण्यांचं आडनाव विचारलं आणि गप्प बसल्या. त्या गप्प बसलेल्या बघून मीच घाबरलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फर्मान काढलं. सवलत घेणाऱ्या पोरांच्या वडिलांनी येत्या गुरुवारी स्वतः येऊन खिडकीसमोर सही करायची. असा नियम कुठंच नव्हता. मुलीच्या वडिलांनाही निरोप गेला, येऊन भेटा, काहीतरी मार्ग काढू.

गुरुवारी ते कडक पटका बांधून आले आणि खाली मान घालून रांगेत उभे राहिले. पुढच्या माणसानं तंबाखू मागायला मागं वळून पाहिलं. ते मानवतचे होणारे व्याही निघाले! त्यांचा धाकटा मुलगा आमच्याच कॉलेजात, याच सवलतीवर शिकत होता. सुपारीच्या बोलण्यात या व्याह्यांनीही नसलेल्या कापसाच्या गाड्यांवर गाड्या भरल्या होत्या.

“तुमी इथं?”

“अन् तुमी?”

मानवतकर आधी हसले. मग दोघंही असे हसले की रांगेतले लोक बघायला लागले. ताडकळसच्यांनी तिथंच दाखल्याची सगळी हकीकत सांगून टाकली.

“चला, तलाठ्याकडं मीबी येतो. आपल्या इज्जतीपायी पोरीचं वरीस खामखा कशाला बुडवायचं?”

अक्का आतून ओरडल्या, “सोयरीक बाहेर जाऊन करा! रांग अडायलीय.”

मी नंतर विचारलं तर म्हणाल्या, “मी कुणाचं काय सांगितलं? रांगंत माणूस माणसाला दिसायचाच.”

दाखला मुदतीत दुरुस्त झाला. लग्नही लागलं. दोन्हीकडच्यांनी अक्कांना लुगडं केलं. त्यातल्या वरपक्षाच्या लुगड्याचे काठ बारीक आहेत, हे त्यांनी मांडवातच ऐकवलं.

मुलगी बी.एस्सी. झाली त्या वर्षी अक्का नव्हत्या. हिवाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि गेल्या. त्यांच्या टेबलावर मला बसवलं होतं, आणि कचेरीतली शांतता मला खायला उठायची.

मुलगी वडिलांना घेऊन पेढे द्यायला आली. खिडकीत मला बघून ते काय ते समजले. गज धरून नुसते उभे राहिले. अक्का आज असायला हव्या होत्या, असं मला फार वाटलं.

मग ते मागं वळले. प्रवेशाचे दिवस होते, खाली मान घातलेल्या बापांची रांग लागली होती. पुडा उघडून ते एकेकाच्या हातावर पेढा ठेवत गेले, आणि प्रत्येकाला मोठ्यानं सांगत गेले, “घ्या. माझी पोरगी हाय. सवलतीवर शिकली.”