कौशल्याबाईचा माग आणि कोरडी उधई

घराची एक चौकट किडली, तर तुम्ही अख्खं घर पेटवाल का? नाही ना? मग मोहाडीच्या कौशल्याबाईनं तिचा माग काहून जाळावा?

बाई बासष्ट वर्षांची. सासरी आली तेव्हापासून त्याच सागवानी हातमागावर बसते. यंदा दिवाळीनंतर विणून उठली, की मांडीवर खसखशीसारखे दाणे दिसायचे. झटकले, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. ही कोरड्या लाकडाची उधई, म्हणजे वाळवी. तिला ना माती लागते, ना ओल. लाकडाच्या पोटातच राहते आणि आपली विष्ठा दाण्यादाण्यानं बाहेर लोटते.

विणकर सोसायटीचा सचिव नंदलाल दारातूनच बोलला, "मावशी, मागाखालच्या पाय सोडाच्या खड्ड्यात ओल ठेवली तुम्ही. सारा माग खाल्ला उधईनं. जाळा, नाहीतं गल्लीतले सारे माग जातीन."

"ओल? मंग मातीची रेघ कुठी हाय खांबाले? जमिनीतली उधई मातीचा रस्ता करूनच चढते. दाखव मले एक तरी!"

"हुज्जत नका घालू. परवा माणसं पाठवतो."

"पाठव. मी मागावरच बसून राहीन. मलेबी उचलून न्या म्हणाव!"

बाई तापट खरी, पण नुसती तापट असती तर माग गेलाच असता. तिनं मागाच्या एकेका लाकडाखाली पांढरं फडकं अंथरलं. धोट्यानं ठोकून पाहिलं. सागवान ठणठण वाजलं. दाणे पडले ते फक्त एकाच लाकडाखाली, तिच्या कमरेपाशी असलेल्या रुळाखाली. विणलेलं कापड त्याच्यावरच गुंडाळलं जातं. तिनं रूळ काढून बाजूला ठेवला आणि त्याच्या जागी बांबू बसवून अर्धी विणून झालेली लाल साडी त्या बांबूवर गुंडाळली.

तिसऱ्या दिवशी नंदलाल दोन माणसं घेऊन आला. बाई मागावर बसूनच होती.

"हे घे पेचकस. त्या रुळात खुपस."

पेचकस मुठीपर्यंत आत गेला. भसाभस दाणे सांडले.

शेजारची रुखमिणी ओरडली, "भाऊ, त्याच्यावर शिक्का कोणाचा हाय? वाचा ना जोरानं!"

शिक्का सोसायटीचा होता. मागच्या वर्षी सोसायटीनंच तो रूळ दिला होता. नंदलालनं रूळ फिरवून शिक्का खाली केला.

"जाळाचंच हाय ना?" बाई म्हणाली. "हा जाळ. तुमचाच हाय. माझ्या सागवानाले हात लावशीन तं बघ!"

बांबूवर ती साडी पुरी झाली. रूळ बदलला त्या जागी काठ जरा वाकडा आला आहे. तो बाईनं मुद्दाम तसाच ठेवला.

तेव्हा एवढं कराच. तुमच्या गल्लीत कोणी कोणाचं जुनं लाकूड जाळायला निघालं, तर त्याला दारातच अडवा. खाली पांढरं फडकं अंथरा, आणि दाणे नेमके कुठून पडतात ते त्याला वाकून पाहायला लावा.