तीस फेऱ्यांचे वाटे

वीस मिनिटं झाली तरी वनिताचा कागद कोराच. नागपूरचा मुलगा दहा मिनिटांत पेपर देऊन चहा पीत बसलेला. माझे पार्टनर शेंडेभाऊ डोळ्यांनीच मला सांगत होते, झाला निकाल.

चंद्रपुरात दोन खोल्यांचं आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस. जागा एकच, डेव्हलपरची, म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्याची. वनिताची ही चौथी मुलाखत. ही हुकली तर घरचे गावी परत बोलावणार, हे तिनं आल्या आल्याच सांगून टाकलं होतं.

पेपर मी काढलेला, मोठ्या अभिमानानं. ट्रकच्या तीस फेऱ्या पाच ड्रायव्हरांत सारख्या वाटा, लॉजिक लिहा. लॉजिक म्हणजे कामाच्या पायऱ्या. हाच प्रोग्राम मी एका ट्रान्सपोर्टवाल्याला करून दिला होता. त्याचे ड्रायव्हर कुरकुरत होते. मी म्हणायचो, कॉम्प्युटर चुकत नसतो.

"सर, एक इचारू काय जी?" वनितानं मान वर केली. "साऱ्या फेऱ्या सारख्याच लांब हायेत का?"

"काऊन?" शेंडेभाऊंनी कारण विचारलं.

"एकाले बल्लारपूर अन् एकाले सिरोंचा, हे सारखं कसं होईन?"

बल्लारपूर हाकेवर, सिरोंच्याला जाऊन यायला अख्खा दिवस. माझ्या प्रोग्रामात दोन्ही एकेक फेरी. मी चष्मा पुसायला घेतला.

"मग तू कसं वाटशील?"

तिचे वडील सिंदेवाहीकडे तलावात मासे धरायचे. "आमच्या इथी मासे मोजून नाई वाटत जी. जेवढी माणसं तेवढे ढीग. सगळ्यात मोठा मासा आधी टाकायचा. मंग पुढचा, जो ढीग लहान दिसन त्याच्यात. बारके शेवटी राह्यतेत, त्याइनं बरोबरी होते."

"हेच लिही."

अकरा ओळी झाल्या.

"पोराजवळ तीन सर्टिफिकेटं हायेत," शेंडेभाऊ अडले.

मी मागच्या महिन्याच्या फेऱ्या दोघांच्या लॉजिकनं चालवल्या. मुलाच्या यादीत सगळ्यांना सहा-सहा फेऱ्या, पण एकाच ड्रायव्हरच्या नशिबी चारदा सिरोंचा. वनिताच्या यादीत किलोमीटर जवळपास सारखे.

शेंडेभाऊंनी प्रिंट दोनदा पाहिली. "सोमवारपासून ये बाई." मग माझ्याकडे बोट दाखवलं. "अन् यानं काढलेले पेपर तूच तपासत जाय."

वनिताच्या पद्धतीनं प्रोग्राम बदलला आणि ट्रान्सपोर्टवाल्याच्या ड्रायव्हरांची कुरकुर थांबली. तेव्हापासून प्रत्येक पेपरात मी एक गोष्ट मुद्दाम सांगत नाही आणि कोण विचारतं ते पाहतो. नवी मुलं म्हणतात, सरांची युक्ती भारी. पहिल्या वेळी अंतराची गोष्ट मला सुचलीच नव्हती, हे वनिता अजून कुणाला सांगत नाही.