मामांचा रेग्युलेटर

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतले मामा कुठलंही बटण विचारल्याशिवाय दाबत नसत. ट्यूबलाइट असो की पाण्याची मोटर, आधी सगळ्यांना दोन पावलं मागं सरकवायचे, मग "करू का चालू?" म्हणायचे आणि कुणीतरी हो म्हणेपर्यंत थांबायचे. खोलीत कुणी नसलं तरी विचारायचे. तेव्हा हो कोण म्हणत असे, हे मी कधी त्यांना विचारलं नाही, आणि आता विचारता येणार नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांचं हृदय बंद पडलं. त्यानं मात्र कुणाला विचारलं नाही.

डोंगरकड्याजवळच्या आमच्या गावात त्यांचं सरकारी पद होतं प्रयोगशाळा परिचर. म्हणजे परीक्षानळ्या धुणं आणि साहेब आले की चहा आणणं. मी तिथं विज्ञान शिकवायचो, माझ्याकडे भौतिकशास्त्राची पदव्युत्तर पदवी होती, म्हणून चहा ते मला आणून देत, आणि प्रयोग चालेनासा झाला की मी त्यांच्या तोंडाकडे पाही. या व्यवस्थेत कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. "शास्त्र तुमचं सर, तारा माझ्या," असं ते म्हणत. तारा डाखायचं सोल्डरिंग आयर्न मी तोपर्यंत हातात धरलेलं नव्हतं.

त्यांच्या निवृत्तीला वर्ष राहिलं असताना मामींना पक्षाघात झाला. मामी गावाचे ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवत. बोलणं सावरलं, हात सावरले, उजवा पाय सावरला नाही. पायमशीन बंद पडलं. कुणीतरी बाजारातली तयार मोटर बसवून दिली. पण ती पहिल्याच दाबाला उधळायची, आणि डाव्या पायाला तिचा अंदाज येईना. दुसऱ्या दिवशी सुई मामींच्या नखातून आरपार गेली. मामींनी मशीनवर चादर टाकली. पुढं पुढं त्या भिंतीकडे तोंड करून बसू लागल्या. मामा मला एवढंच म्हणाले की घरात बोलणं कमी होऊन राहिलं.

मामांनी वारंगा फाट्यावरच्या भंगारातून जीपच्या ब्लोअरची मोटर आणली आणि बॅटरीवर जोडली. वेग कमी करायला मधे हिटरची तार घातली. मोटर हळू झाली, पण तिचा जोरही गेला. कापडाच्या चौपदरी घडीवर सुई अडकून उभी राहायची. तेव्हा ते माझ्याकडे आले. मी फळ्यावर सांगितलं: वीज कमी द्यायची नाही, पुरी द्यायची, पण सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करायची. चालू किती वेळ ठेवायची, तेवढंच बदलायचं.

मामांनी थोडा विचार केला. "म्हंजी जोर पुरा, फक्त दम घेऊ घेऊ."

पुस्तकाला याच गोष्टीसाठी दीड पान लागतं.

मी आकृती काढून दिली. त्यांनी जीपनं नांदेडला जाऊन टायमरची चिप आणली, बंद कॉम्प्युटरमधून वीज झटपट चालू-बंद करणारे मॉसफेट काढले आणि वेगाच्या रेग्युलेटरच्या खुंटीला डाव्या गुडघ्यानं ढकलायची लाकडी दांडी बसवली. पहिला मॉसफेट जळाला. दुसराही जळाला. तिसऱ्याच्या आधी त्यांनी मोटरच्या दोन टोकांवर एक डायोड उलटा जोडला. मोटर बंद होताना मागं विजेची लाथ मारते, ती अडवायला. हा डायोड माझ्या आकृतीत असायला हवा होता. स्टाफरूममध्ये विषय निघाला तेव्हा मामांनी माल खराब निघाल्याचं सांगितलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मशीन तयार झालं. मामांनी विचारलं, "करू का चालू?" मामींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. हो आलं नाही, म्हणून मामांनी बटण दाबलं नाही. आठवडाभर ते रोज संध्याकाळी विचारत आणि उत्तराची वाट पाहून उठत. मी एकदा म्हणालो, चालवून तरी दाखवा, भीती जाईल. त्यांनी मान हलवली. बोट तिचं सुईखाली गेलंय, म्हणाले, हो बी तिचंच पाहिजे.

मग एका रविवारी त्यांनी आपला पांढरा सदरा मामींच्या मांडीवर ठेवला. खांद्याची शिवण उसवली होती. तो सदरा आजारपणाआधी मामींनीच शिवलेला, निरोप समारंभात घालायचा म्हणून. मी तिथंच चहा पीत होतो. मामींनी शिवणीवरून बोट फिरवलं.

"काहून उसवली?"

"उसवली आपली."

"माही शिवण आपोआप उसवत न्हाई. कात्रीनं उसवलेली कळती मला."

"व्हय," मामा म्हणाले. "कात्रीनंच."

मामींनी सदऱ्याच्या खांद्याच्या दोन्ही कडा जुळवल्या. मग त्यांनी खुर्ची मशीनकडे ओढायला सांगितलं.

"करू का चालू?"

"करा. पण मागं सरका तुमी."

गुडघा हलला. सुई संथपणे खाली गेली, चार पदरांत शिरली, वर आली. अडकली नाही, उधळली नाही. मशीनवर शेवटच्या कामाचा काळा दोरा तसाच होता, तो बदलायचं कुणाला सुचलं नाही. मामा दोन पावलं मागं भिंतीला टेकून उभे होते. माझा चहा निवला.

मामी आजही शिवतात. मामा गेल्यावर मॉसफेट पुन्हा एकदा जळाला, तो मी बदलला. माझं सोल्डरिंग पाहून मामी काही बोलल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

निरोप समारंभाला प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले आणि तेवढाच वेळ बोलले. मामांना त्यांनी शिक्षणक्षेत्राचा दीपस्तंभ म्हटलं, नाव चुकीचं घेतलं, शाल पांघरवली, नारळ दिला. समोर बायकांच्या रांगेत मामी काठी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मामांनी खुर्चीत बसताच शाल काढली आणि नीट घडी घालून बाजूला ठेवली. पांढऱ्या सदऱ्याच्या खांद्यावर काळ्या दोऱ्याची वाकडीतिकडी रेघ लांबूनही दिसत होती. मुख्याध्यापक अस्वस्थ झाले. त्यांनी मला खूण केली, तसा मी वाकून मामांच्या कानात म्हणालो की फोटो व्हायचाय, शाल राहू द्या.

"शालीनं शिवण झाकती सर," मामा म्हणाले.